आरामखुर्चीची निवड समिती

आमच्या घरी आईसाठी एक आरामखुर्ची यायला अडीच वर्षं लागली, कारण मी गुणवत्ता तपासणी विभागात नोकरीला होतो.

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार व्हायचे आणि ते नापास करणं हे माझं काम होतं. (पास करण्यासाठी कोणी पगार देत नाही. पास ते आपोआप होतात.) दिवसभर हेच केल्यावर माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, पण नजर काही उतरत नाही. माझी बायको वृषाली सगळ्यांना सांगायची की मी ताटातली पोळीसुद्धा आधी उजेडात धरून बघतो. हे साफ खोटं आहे. एकदाच बघितली होती, आणि तिला खरंच भोक होतं.

बाबा गेले त्या वर्षी आई कराडहून आमच्याकडे चेन्नईला राहायला आली. क्रोमपेटला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. आई आल्याचं आम्हाला बरं वाटलं होतं आणि तिलाही बरं वाटतंय असं ती म्हणायची. पण स्वयंपाकघराच्या दारापाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्या अगदी कडेला ती बसायची. पाय खाली टेकवलेले, हात मांडीवर. पाहणाऱ्याला वाटावं, एसटी आली की ही बाई पिशवी उचलून निघणार. शेजारच्या बायका जिन्यात भेटल्या की हसायच्या, आईही हसायची. पण त्यांना मराठी येत नव्हतं आणि हिला तमिळ. दोन्ही बाजूंचं हसू संपलं की दारं लागायची.

हे सगळं मी बघत होतो. पण आईला एकटं वाटतंय, बाबांची आठवण येतेय, यावर काय करायचं ते मला कळत नव्हतं. खुर्चीवर मात्र काहीतरी करण्यासारखं होतं. इंजिनिअर माणूस शेवटी ज्याला नट-बोल्ट आहेत त्याच प्रश्नाला हात घालतो. मी जाहीर केलं की आईसाठी चांगली, जुन्या सागवानाची, वेताच्या विणीची, लांब हातांची आरामखुर्ची घ्यायची.

आई म्हणाली, "मला कशाला?"

आई नको म्हणतेय म्हणजे तिला हवी आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. (आमच्या घराण्यात हा नियम तीन पिढ्या चालू होता आणि त्यामुळे अनेकांना नको असलेला श्रीखंडाचा दुसरा वाटा खावा लागला आहे.)

दुकानांत फिरून झालं. तिथे सगळं फोमचं होतं. एका सोफ्यात आई बसली आणि इतकी खोल गेली, की तिला वर काढायला विक्रेत्याचीच मदत घ्यावी लागली. मग मी ऑनलाइन शोधायचं ठरवलं. त्या काळात घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, आणि लोकांनी आपल्या जुन्या वस्तू फोटो टाकून विकाव्यात अशी एक वेबसाइट ऑफिसातल्या एकाने दाखवली होती. चेन्नईत इतकी माणसं इतक्या आरामखुर्च्या विकायला काढून बसली आहेत हे मला माहीतच नव्हतं. एवढ्या लोकांनी आराम का सोडला असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो आईच्या आला.

रविवारी सकाळचा चहा झाला की आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसायचो. मी मध्ये, वृषाली डावीकडे, आणि आई आपली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून उजवीकडे. मी ऑफिसच्या धर्तीवर निकष ठरवले होते: लाकूड, सांधे, वेताची वीण, पाठीचा कोन, हाताची रुंदी. सगळ्यांत पास झालेली खुर्चीच शॉर्टलिस्टवर जाणार, आणि शॉर्टलिस्टवर आलेलीच आपण जाऊन बघणार. आई विचारायची, "आज कोणी लागलं का तुझ्या लिस्टला?" जणू काही बोर्डाच्या परीक्षेचा निकाल होता.

फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरायचा. आधी डोक्याची फळी दिसायची, मग पाठ, मग हात. पाय येईपर्यंत चहाचा दुसरा कप व्हायचा. माझा निकाल बहुतेक वेळा हात येईपर्यंतच लागलेला असायचा. वृषालीची पद्धत वेगळी होती. फोटोत काय आहे यापेक्षा काय नाही याकडे तिचं लक्ष. "मागचा डावा पाय का दाखवला नाहीये?" असं ती विचारायची, आणि एकदा का हा प्रश्न पडला की त्या खुर्चीला भविष्य उरायचं नाही. विकणाऱ्याच्या इंग्रजीवरही तिचा डोळा असे. ज्याने वर्णनात चार उद्गारचिन्हं दिली तो माणूस काहीतरी लपवतोय, असं तिचं ठाम मत होतं.

आणि आई खुर्चीकडे बघायचीच नाही. ती खुर्चीच्या मागे बघायची. एका फोटोत मागे भिंतीला ओल होती. आई म्हणाली, या घराला आधी गवंडी पाहिजे, गिऱ्हाईक नंतर. एका खुर्चीत चक्क एक म्हातारे गृहस्थ झोपलेले होते. सांधे उत्तम, वीण उत्तम, मी तिला शॉर्टलिस्टवर चढवायला निघालो होतो. आई म्हणाली, "अरे, त्यांना उठवून विकणार का हे?" खुर्ची बाद झाली. चेन्नईबाहेरच्या कोवलमच्या (केरळातल्या नव्हे) कोणीतरी वाळूवर खुर्ची ठेवून फोटो काढला होता, मागे होड्या आणि समुद्र. खुर्ची खाऱ्या हवेने खाल्लेली होती, पण आईला समुद्र फार आवडला. पुढच्या रविवारी आम्ही बसने कोवलमला जाऊन तो समुद्र बघून आलो. खुर्ची बघितली नाही.

बाकी सगळ्या खुर्च्यांना आईचा एकच प्रश्न असायचा: "पण ते विकतायत कशाला?"

मी सांगायचो की आई, त्याचा आपल्याशी संबंध नाही. ती म्हणायची, बरं. मग पुढची खुर्ची पट्टी-पट्टीने उतरायला लागायची आणि पाय येईपर्यंत तिचा प्रश्न परत आलेला असायचा. असं करत उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि आमची शॉर्टलिस्ट कोरीच राहिली. ऑफिसात माझा साहेब म्हणाला की इतक्या कडक तपासणीत तूसुद्धा कंपनीत लागला नसतास.

आणि मग एका रविवारी एग्मोरची खुर्ची उतरली.

गडद सागवान, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, लांब हात, आणि वेताची वीण अशी की मधाचं पोळं. चारही पाय फोटोत होते. वर्णन एका ओळीचं होतं आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मागे स्वच्छ भिंत, खिडकी, खिडकीत तुळस. बैठकीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर चष्मा. वृषालीला काही सापडलं नाही. मलाही नाही. आम्ही दोघं आईकडे बघायला लागलो.

आई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "चष्मा कुणाचा?"

पण नापास केलं नाही. शॉर्टलिस्टवरची पहिली आणि एकमेव खुर्ची मी स्वतःच्या हाताने टाइप केली. फोन लावला. पलीकडून एका बाईंनी इंग्रजीत सांगितलं की रविवारी या, दहानंतर, जेवणाच्या आधी, आणि फोन ठेवला.

आगगाडीत मी दोघींना सूचना दिल्या. खुर्ची आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. मी मोठ्याने दोष काढीन, तुम्ही माना डोलवायच्या. आपापसांत बिनधास्त बोलायचं, कारण मराठी कोणाला कळत नाही. हा चेन्नईतला आमचा मोठा आधार होता. भाजीवाल्यासमोर, लिफ्टमध्ये, घरमालकासमोर आम्ही मराठीचा पडदा ओढून आत काय वाट्टेल ते बोलायचो. पडद्याची इतकी सवय झाली होती, की सुट्टीत कराडला गेलो तेव्हाही मी एका दुकानदारासमोर त्याच्या मालाला नावं ठेवली होती आणि त्याने मला बाहेरचा रस्ता दाखवला होता. त्यावरून माणूस शहाणा व्हायला हवा होता.

एग्मोर स्टेशनमागच्या गल्लीत तळमजल्यावर घर होतं. दार उघडलं त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. बारीक, ताठ, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. दारावरच्या पाटीवर सरोजाबाई राव असं इंग्रजीत लिहिलं होतं. (हे मी वाचलं. 'बाई' हा शब्दही वाचला. आणि तरीही मी आत गेलो ते तोंड घेऊनच.) त्यांनी हाताने आम्हाला आत बोलावलं आणि खिडकीपाशी बोट दाखवलं.

फोटोपेक्षा खुर्ची सुंदर होती. मी खिशातून टेप काढला, टॉर्च काढला आणि कामाला लागलो. खाली वाकून सांधे बघितले, हात दाबून बघितले, आणि ठरल्याप्रमाणे मोठ्या आवाजात मराठीत दोष काढायला सुरुवात केली. वेत जुना झालाय. पॉलिश गेलंय. वृषाली म्हणाली जरा हळू बोल. मी म्हटलं, कोणाला कळतंय? बाई हट्टी दिसतात, पण एकट्या राहतात, खुर्ची उचलायलासुद्धा घरात माणूस नाही, म्हणजे विकायची घाई असणार. आपण फक्त तोंड वाकडं करून उभं राहायचं.

सरोजाबाई भिंतीला टेकून शांतपणे उभ्या होत्या. मधून मधून त्या इंग्रजीत विचारत होत्या. खुर्चीत कोण बसणार? मी आईकडे बोट दाखवलं. घरात कुठे ठेवणार? तिथे दुपारचं ऊन येतं का? मांजर आहे का? वर्तमानपत्र कोणतं घेता? मी प्रत्येक प्रश्नाला उभं राहून उत्तर दिलं आणि मग वृषालीला मराठीत म्हटलं, "खुर्ची बघायला आपण आलोय की आपल्याला बघायला ही?" वृषालीला हसू आलं. आईला आलं नाही. ती सरोजाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"त्यांना विकायची नाहीये रे," आई हळूच म्हणाली. "चल, निघू या."

इतके महिने घालवून शॉर्टलिस्टवर आलेली एकुलती एक खुर्ची, आणि चल निघू या! मी म्हटलं शेवटची एक चाचणी राहिलीय. कारखान्यात आम्ही प्रत्येक भागावर ठरलेल्या वजनापेक्षा थोडं जास्त वजन टाकून बघायचो. मी सरोजाबाईंची परवानगी घेतली (निदान त्यांच्याकडे बघून मान हलवली), बसलो, पाठ टेकली, आणि वीण किती ताण घेते ते बघायला एक छोटासा हिसका दिला.

आवाज फार मोठा नव्हता. नव्या कापडाचा तागा टरकावतात ना, तसा. मी खाली गेलो. म्हणजे माझा मधला भाग खाली गेला. डोकं आणि पाय जिथे होते तिथेच राहिले. गुडघे हनुवटीला टेकले, बूट कानांच्या रेषेत आले, आणि कंबर खुर्चीच्या चौकटीत घट्ट बसली. तो सांधा इतका अचूक होता, की कारखान्यात मी त्याला डोळे झाकून पास केलं असतं.

 मग भिंतीपासून आवाज आला.

"हलूं नका. हललांत तर अजून फाटेल."

ते मराठी होतं. आमच्यासारखं नव्हतं, शब्द जुने, जपून ठेवलेले, आणि चाल तमिळची. पण मराठी. मी मान वळवायचा प्रयत्न केला. मान तेवढीच वळत होती.

सरोजाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले होते आणि घरात अजून हीच भाषा चालते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी त्यांनी एवढंच सांगितलं, "तुम्हीं बोललांत तें अस्कं ऐकलें मी." 'अस्कं' म्हणजे सगळं, हे समजावून सांगायची गरज पडली नाही. मग त्यांनी एकेक मुद्दा घेतला, एखाद्या न्यायाधीशासारखा. "वेत जुना, खरें. मी हट्टी, तेंही खरें. घाई मात्र मज नाही."

माणसाने माफी मागताना मान खाली घालावी असं म्हणतात. माझी मान खाली जाऊ शकत नव्हती, गुडघे मध्ये येत होते. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते वृषालीलाही कळलं नाही, आणि ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचा चेहरा मी यापूर्वी असा कधी पाहिला नव्हता. भिंतीत दार असतं तर ती त्यातून निघून गेली असती.

आणि तेव्हा आई हसली.

आधी नुसता श्वासासारखा आवाज झाला. मला वाटलं तिला ठसका लागला. मग तिने पदर तोंडावर धरला, मग भिंतीचा आधार घेतला, मग तोही पुरेना म्हणून ती तिथेच जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. बाबा गेल्यापासून आईला मी असं हसताना ऐकलं नव्हतं. तिचं हसणं असं असतं हेच मी विसरलो होतो. सरोजाबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्याही हसायला लागल्या. दोघी जणी, एक खाली, एक उभी, आणि मध्ये मी, घडी घातलेला.

वृषालीने माझे दोन्ही हात धरून ओढून पाहिलं. मी आलो, पण खुर्चीसकट आलो. सरोजाबाई म्हणाल्या की घाई नको, वेताची टोकं रुततात. आधी कॉफी घेऊ, मग विचार करू. आणि त्या आईला घेऊन आत गेल्या. वृषालीही कप आणायच्या निमित्ताने मागून गेली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझं मत कळवण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

खिडकीबाहेर गल्लीतून सायकली जात होत्या. मी छताकडे बघत पडून होतो, म्हणजे त्या आसनाला जे काही म्हणतात ते करत होतो, आणि आतून दोन मराठ्या ऐकू येत होत्या. एक कराडची, एक तंजावरची. अधूनमधून एक दुसरीला अडायची, मग दोघी शब्द बदलून पाहायच्या आणि पुढे जायच्या.

सरोजाबाई सांगत होत्या की यजमान शिक्षक होते आणि संध्याकाळी याच खुर्चीत बसून पेपर वाचायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला असतो, तिकडे ये म्हणून मागे लागलाय. जागा लहान, म्हणून त्याने एकेक वस्तू वेबसाइटवर टाकली. कपाट गेलं, पलंग गेला. खुर्ची बघायला बरेच जण येऊन गेले, पण कोणीच त्यांना पसंत पडलं नाही. एकाकडे मांजर होतं. एकाला ती हॉटेलात ठेवायची होती. एक जण नुसताच मोजमापं घेत होता. (हा मीच असणार असं मला वाटलं, पण तो दुसराच कोणी निघाला. माझ्यासारखी माणसं आणखी आहेत हे ऐकून थोडा धीर आला.)

मग आईचा आवाज आला. ती काय बोलतेय ते नीट ऐकू यावं म्हणून मी श्वास धरला. तसाही तो पुरता आत येत नव्हता.

"मला खुर्ची नकोच होती हो," आई म्हणाली. "पण दर रविवारी ही दोघं माझ्याशेजारी बसायची ना फोटो बघायला. एरवी त्याला वेळ कुठाय? खुर्ची मिळाली असती म्हणजे ते बसणं संपलं असतं. म्हणून मी आपली काही ना काही खोट काढत राहायची."

 भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी सागवान तपासत होतो, सांधे तपासत होतो, वीण तपासत होतो. आणि माझ्या उजव्या हाताला, प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या कडेला बसून, आई एकेक खुर्ची माझ्याहून हुशारीने नापास करत होती. तपासणी विभागातल्या माणसाला इतके रविवार कोणी गुंडाळलं नसेल. वाईट वाटलं ते याचं नव्हतं. वाईट याचं वाटलं, की तिला जे हवं होतं ते मिळायला एकही पाय, एकही हात, एकही वेताची काडी लागत नव्हती, आणि तरी ते मागायला तिला निमित्त शोधावं लागलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात वर येईनात, म्हणून ते तसंच कानात गेलं.

वृषाली कॉफी घेऊन आली. पितळी टंबलर माझ्या ओठांना लावताना तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. 

कॉफीनंतर मला सोडवण्याचा विषय निघाला. सरोजाबाईंना सुतार बोलवावा असं वाटत होतं, वृषालीला वेत कापावा असं. आई पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "याला एकदा बाहेर काढलंय मी. तेव्हाही असाच अडकला होता."

तिने खुर्ची कुशीवर कलंडवायला लावली, माझे गुडघे आणखी छातीशी दाबायला लावले, आणि वृषालीला खांदे धरून फिरवत ओढायला सांगितलं. मी बाहेर आलो. रडलो नाही एवढंच. पँट मागून फाटली होती, तिच्यावर सरोजाबाईंनी एक टॉवेल दिला.

मग मी नीट उभा राहून, हात जोडून माफी मागितली. वेताच्या दुरुस्तीचा सगळा खर्च मी देईन असं सांगितलं. सरोजाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या की दुरुस्ती खुशाल करून द्या, पण एक काम आधी करू द्या. त्यांनी फोन उचलला, मुलाला लावला आणि तमिळमध्ये दोन वाक्यं बोलल्या. फोन ठेवून आम्हाला मराठीत सांगितलं: खुर्ची मोडली, आता ती विकता येणार नाही, असं कळवलं. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता, की मी काहीतरी उपकार केल्यासारखं मलाच वाटायला लागलं. तसं मी म्हटलं नाही. त्या दिवशीचं माझं बोलणं पुष्कळ झालं होतं.

घरी येताना आगगाडीत आई बाकावर बसली होती. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. ती मध्ये आली, आणि कोणी काही न ठरवता आली.

रविवार आम्ही सोडले नाहीत. फक्त कॉम्प्युटर लावायचं बंद केलं. आणि शनिवारी आई एग्मोरला जायला लागली. पहिल्या दोन वेळा मी सोडायला गेलो, मग ती म्हणाली की स्टेशनांची नावं पाठ झाली आहेत, तू तुझे ब्रेक बघ. सरोजाबाई आणि ती दिवसभर काय करायच्या ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. लोणची घातली जायची, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या जायच्या. आईची मराठी थोडी तंजावरची झाली. ती वृषालीला "मेल्ल, मेल्ल" म्हणजे हळूहळू म्हणायला लागली. सरोजाबाईंनी तिला तमिळही शिकवलं. आमच्या जिन्यातल्या शेजारणींशी आता हसण्यानंतरही गप्पा चालू राहायच्या, आणि त्यात माझं नाव ऐकू आलं की मी पायांचा आवाज न करता घरात जायचो.

नव्याने विणलेल्या खुर्चीत तिथे दोघी पाळीपाळीने बसायच्या. मी आईला आणायला गेलो की मला स्टूल मिळायचं.

पुढे दोन वर्षांनी सरोजाबाईंच्या गुडघ्यांनी त्यांच्या हट्टावर मात केली आणि त्या बेंगळुरूला मुलाकडे जायला तयार झाल्या. निघायच्या आधी त्यांनी आईला बोलावलं आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ही तुमची." ऊन येतं का, मांजर आहे का, काही विचारलं नाही. दोघी रडल्या, मग आमची नजर चुकवून परत आत कॉफी करायला गेल्या.

खुर्ची आणायला मी टेम्पो ठरवला. मी आता तोंड बंद ठेवून काम करायला शिकलो होतो, पण काम करायचं कसं हे मला आधीपासून येत होतं. खुर्चीची उंची मोजली, लांबी मोजली, एग्मोरच्या दाराची रुंदी मोजली, टेम्पोचा मागचा भाग मोजला, आमच्या फ्लॅटचं दार मोजलं, खिडकीपाशी ती जिथे ठेवायची तो कोपरा मोजला. सगळं बसत होतं. फक्त लिफ्ट मोजायची राहिली होती.

पाऊण खुर्ची आत गेली आणि पाव बाहेर राहिली. उभी केली, आडवी केली, कलती केली. टेम्पोवाला म्हणाला की त्याचं काम खालपर्यंतच ठरलं होतं, पण माझ्याकडे बघून त्याला दया आली. त्याने पाय धरले, मी डोक्याची बाजू डोक्यावर घेतली, आणि आम्ही जिना चढायला लागलो. जुनं सागवान किती जड असतं, हे वेबसाइटवर कोणी लिहीत नाही.

प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. आई उशी काखेत मारून आमच्या पुढे चालली होती आणि उभ्या राहिलेल्या शेजारणींना थांबून थांबून तमिळमध्ये हकीकत सांगत होती. खुर्चीखालून मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. आईचं तमिळ मला फारसं कळायचं नाही, पण शेवटचं वाक्य ती दर मजल्यावर तेच म्हणत होती, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ते मला पाठ झालं.

"इंजिनियर. आना नल्ल पय्यन."

वर पोचल्यावर खुर्ची टेकवून मी धापा टाकत वृषालीला त्याचा अर्थ विचारला. तिने सांगितला:

"इंजिनिअर आहे. पण मुलगा चांगला आहे."